दादाचे चार ठिपके

द्रौपदीबाईंचा पहिला मुलगा बारशाआधीच गेला, म्हणून त्याला नाव नाही. त्याच्या पाठची माधुरी त्याला दादा म्हणते. ज्याला कधी डोळ्यांनी बघितलं नाही त्याला दादा कसं म्हणतेस, असं मात्र तिला विचारायला जाऊ नका. डॉक्टरेट झालेली बाई आहे, पण तोंड आरे कॉलनीतलंच आहे. असं उत्तर मिळेल की पुन्हा विचारायची हिंमत व्हायची नाही.

तर दादा म्हणजे आरेतला एक पांगारा.

त्याचं असं झालं. माधुरीचे वडील धोंडिराम साताऱ्याकडून आले आणि आरेत म्हशींच्या तबेल्यावर कामाला लागले. राहायला तबेल्यामागेच खोली. तिथेच हे पहिलं पोर जन्मलं आणि तिथेच गेलं. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात. धोंडिरामनी मागच्या उतारावर, रस्त्यापासून थोड्याच पावलांवर खड्डा केला. माती लोटून झाल्यावर कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचले, काटे पसरले. तबेल्याच्या कुंपणाला पांगाऱ्याचे ओले मेढे ठोकलेले होते. त्यातला एक उपटून त्यांनी उशाशी ठोकला, जागा ओळखू यावी म्हणून. झाड लावायचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. पण पांगाराच तो मेला, तोडून उलटा पुरला तरी जगणार. पावसाळ्यात त्या मेढ्याला पालवी फुटली आणि धोंडिराम बायकोला बोलवायला धावत घरात गेले.

द्रौपदीबाईंना तिथली वाट आधीच पाठ झाली होती. अंगावर दूध उतरलं होतं आणि प्यायला कुणी नव्हतं. पारडू मेलेली म्हैस हंबरते, बाईमाणसाला तेवढीही सोय नाही. शेजारणीनं सांगितलं, भिंतीवर पिळ, आपोआप आटेल. बाईंनी ऐकून घेतलं. दुपारी तबेला धुऊन सगळे आडवे झाले की त्या उतारावर जायच्या आणि त्या दगडांवर दूध पिळून यायच्या. आटेपर्यंत हेच चाललं. नवऱ्याला ठाऊक होतं.

पुढे माधुरी झाली, मोठी झाली, शिकली. धोंडिराम निवृत्त झाले, ती खोली सुटली, सगळे घाटकोपरला आले आणि काही वर्षांनी धोंडिरामही गेले. पण माघ पौर्णिमा चुकली नाही. पोर गेलं ते माघ पौर्णिमेच्या सुमारास, आणि पांगारा फुलतो तोही त्याच सुमारास. त्या दिवशी सकाळी आई पांढरी साडी नेसून बुद्धविहारात जाते, वंदना झाली की तशीच माधुरीला घेऊन आरेला. हातात दुधाची किटली. झाडावर एक पान नसतं, आणि नुसत्या फांद्या टोकापर्यंत लालभडक. मैना, बुलबुल, कावळे, सगळ्यांचा नुसता गोंधळ. आई बुंध्याशी बसते, किटली हळूहळू रिकामी करते आणि दादाला वर्षभराच्या खबरी सांगते. डोक्यावर परिणाम झालेली बाई म्हणून तुम्ही तिची कीव कराल, तर तसलं काही नाही. बाकी वर्षभर ती खणखणीत असते, भाजीवाल्याला रडवते.

माधुरीचं काम म्हणजे वरून बघणं. अंधेरीतल्या एका संस्थेत ती शास्त्रज्ञ आहे. उपग्रहाने काढलेली चित्रं घ्यायची, आणि दहिसरपासून मुलुंडपर्यंत कुठे झाडं वाढली, कुठे गवत गेलं, कुठली पाणथळ जागा बुजली, ते वर्षानुवर्षं मांडत राहायचं. एकदा घरी लॅपटॉप उघडून बसली होती तेव्हा आई मागून वाकून बघायला लागली.

"एवढं लालजर्द काय गं? आग लागली का काय?"

"आग नाही गं आई. ह्या चित्रात हिरवं असतं ते लाल दाखवतात. हिरव्या पानाचा एक उजेड असतो, आपल्याला तो दिसत नाही, यंत्राला दिसतो. जेवढं लाल तेवढं जिवंत."

"आन् ह्ये राखाडी?"

"तिथे पान नाही. माती, सिमेंट, नाहीतर सुकलेलं."

आईने खुर्ची ओढली. "आपला दादा दाव."

माधुरीनं शोधला. एकेक ठिपका म्हणजे जेमतेम एक खोली, आणि दादाचा सगळा पसारा चार ठिपक्यांत बसला. ऑक्टोबर संपत आलेला होता, पांगारा पानांनी भरलेला, चारही ठिपके लाल. आईने बोट काचेवर टेकवलं आणि तिथेच ठेवलं. म्हणाली, "जिता हाय म्हनायचा."

त्या दिवसापासून घरात हा नेमच झाला. नवीन चित्र आलं की आई स्वयंपाकघरातून हाक मारायची, "हाय ना गं दादा?" आणि माधुरी न बघताही सांगायची, "आहे." थंडीत पानं गळली की ठिपके राखाडी व्हायचे. आई घाबरायची, मग माधुरी तिला समजवायची: झाड फुलायला निघालं की पान टाकतं, यंत्राला फूल कळत नाही, फक्त पान कळतं. "म्हंजी यवढा लाल फुलतो तवाच ह्याला दिसत न्हाई? लई शानं हाय तुजं यंत्र," आई म्हणायची. आणि पावसाळ्यात, पांगारा जेव्हा खरा हिरवागार, तेव्हा वर ढग. चित्रात नुसता पांढरा कापूस. हे सगळं माधुरीला तोंडपाठ होतं. विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला ती हे शिकवायची.

आणि तरीही झालं.

आरेतला एक रस्ता रुंद करायचं निघालं. बाजूची झाडं मोजून, कुठली जिवंत आणि कुठली सुकलेली असा नकाशा द्यायचं काम माधुरीच्या संस्थेकडे आलं. जिवंत झाडाला हात लावायचा तर सुनावणी, हरकती, सगळं रामायण. सुकलेलं असेल तर सरळ तोडायचं. माधुरीनं काम अंगावर घेतलं ते झाडं वाचवायलाच, आणि पुष्कळ वाचवलीही. नकाशा दुसऱ्या कुणाच्या हातात असता तर कंत्राटदाराने अर्धं जंगल सुकलेलं दाखवलं असतं.

पण त्या वर्षी पाऊस लांबला. ऑक्टोबरभर ढग, नोव्हेंबरात धुरकं. स्वच्छ चित्र मिळालं ते थेट डिसेंबर सरताना. माधुरी भांडली. म्हणाली, मागच्या वर्षीचं ऑक्टोबरचं चित्र जोडीला घेऊ, नाहीतर पानगळीची झाडं मेलेली दिसतील. वरून उत्तर आलं की चित्र ह्याच वर्षीचं हवं आणि नकाशा जानेवारीतच हवा. मग ती म्हणाली, ठीक आहे, जमिनीवर जाऊन पडताळू.

पडताळणीचा कायदा साधा आहे. प्रत्येक झाड बघायला माणसं नसतात, म्हणून कॉम्प्युटर चिठ्ठ्या टाकल्यासारख्या काही जागा निवडतो. त्या जागी जायचं, झाड बघायचं, नकाशाशी ताडायचं. आपल्या मनाने जागा निवडायच्या नाहीत. निवडल्या की माणूस सोयीच्या जागा निवडतो, आणि मग नकाशावर विश्वास कुणी ठेवायचा? माधुरी ह्या बाबतीत भयंकर कडक. संस्थेतली पोरं तिला मागून हेडबाई म्हणत.

जागांची यादी निघाली. दादा त्यात नव्हता.

मिथुन तिच्यासोबतच काम करायचा. त्याला पांगाऱ्याचं सगळं ठाऊक होतं. एका माघ पौर्णिमेला त्यानेच दोघींना गाडीने सोडलं होतं. पडताळणीच्या दिवशी बाईकवरून जाताना तो म्हणाला, "अगं, पुढच्या वळणावर तुझा दादा आहे ना? थांबवतो दोन मिनिटं. बघून घे नकाशात काय रंग लागलाय त्याला."

"नको."

"अरे यार, रस्त्यातच तर आहे."

"यादीत नाहीये ना रे? मग नको. आज मी माझं झाड बघितलं, उद्या तू तुझं बघशील. परवा तो कंत्राटदार म्हणेल, मला पण माझी दोन-चार झाडं बघायची आहेत. नियम म्हणजे नियम."

"तू पण ना," मिथुन हसला आणि पुढे गेला.

वळणावर माधुरीनं मान दुसरीकडे केली. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे तिला झोपू दिलं नाही ते ह्याच मान वळवण्याने. मान जराशी वर केली असती तरी फांद्यांवरच्या कळ्या दिसल्या असत्या. नकाशावरही तिनं दादाच्या जागी झूम केलं नव्हतं. चार ठिपके राखाडी असणार हे तिला कळत होतं, आणि बघितले तर हात शिवशिवतील, आपण ते लाल करून टाकू, ह्याची तिला भीती होती. आयुष्यभर कमावलेला प्रामाणिकपणा एका झाडापायी घालवायचा नाही, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. आपलं झाड यादीत नसलं तरी दुसरं कुणी जाऊन बघेलच, तोडायच्या आधी माणूस निदान मान वर करून बघतोच, असंही तिला वाटत होतं.

पडताळणी उत्तम झाली. शंभरात ब्याण्णव बरोबर. साहेबांनी पेढे मागवले. अहवालाच्या शेवटी माधुरीनं लिहिलं की पानगळ झालेली काही झाडं सुकलेली म्हणून आली असतील, तरी तोडण्याआधी प्रत्यक्ष पाहावे. मग ठाणे खाडीचं दोन वर्षं चाललेलं काम संपवायचं होतं, ती त्यात बुडाली.

माघ पौर्णिमा आली. आई विहारातून आली ती पांढऱ्या साडीतच दारात उभी. "आटप की गं, ऊन व्हईल." किटलीला घट्ट झाकण लावलेलं. रिक्षात पवई ओलांडेपर्यंत आईची बडबड चालू होती, दादाला काय काय सांगायचं त्याची. जानकीमावशीच्या सुनेला मुलगी झाली. आपल्या सोसायटीत लिफ्ट बसली. आणि माधुरीला कसलंसं मोठं बक्षीस मिळणार आहे, खाडीच्या कामाचं.

वळणावर रिक्षा थांबली. माधुरीनं आधी बघितलं, आणि तिला पहिल्यांदा वाटलं की आपण चुकीच्या वळणावर उतरलो. बाकीची झाडं होती तिथेच होती. मधे तेवढं आभाळ मोकळं दिसत होतं.

पांगारा आडवा पडलेला होता, तुकडे केलेला. फांद्या एका बाजूला ढीग करून ठेवलेल्या, आणि त्यांच्यावर फुलं तशीच. दोन मैना अजून त्या ढिगावर बसून चोची घालत होत्या. बुंधा मुळासकट काढला होता, आणि जिथे तो होता तिथून लांबच्या लांब चर गेली होती, गटाराची. दगड नव्हते, उतार नव्हता, काही नव्हतं.

आई चरीच्या कडेला जाऊन उभी राहिली.

हेल्मेट घातलेला एक तरुण धावत आला. "काकी, मागे व्हा, माती ढासळेल." नितेश नाव त्याचं, कामावरचा सुपरवायझर. पोरगा भला होता.

"का तोडलं रं ह्ये?"

"सुकलेलं होतं ना काकी. लिस्टमध्ये आहे."

"सुकलेल्याला फुलं येत्यात?"

नितेशनं ढिगाकडे बघितलं आणि मान खाली घातली. "मला पण ते खटकलं होतं, खरंच सांगतो. कापताना ओलं लागत होतं. मी फोन केला वरती. ते म्हणाले, सॅटेलाइटनं बघितलंय, मोठमोठ्या लोकांनी चेक केलंय, तू नको डोकं लावू."

"कुनी चेक केलंय?"

त्याला नाव ठाऊक नव्हतं. माधुरीला ठाऊक होतं. ती पुढे झाली. "मी, आई. नकाशा माझा आहे."

आईने तिच्याकडे बघितलं नाही. तिला ऐकू आलं की नाही तेही कळेना. ती नितेशलाच म्हणाली, "हितली माती कुटं टाकली?"

"माती? ती गेली काकी. डंपर भरून गेले परवाच. भरावाला."

"कुटं?"

"ते नाही सांगता येणार. जिथे भराव लागेल तिथे नेतात. एक मालाडला गेला, एक कुठे गेला..." तो तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबला. "काही हरवलंय का काकी तिथे?"

"व्हय," आई म्हणाली.

नितेशनं पाण्याची बाटली आणून दिली. माधुरी वेड्यासारखी फांद्यांच्या ढिगात शिरली. हाताला काटे लागत होते, ती एक चांगली जाड, सरळ फांदी ओढून काढत होती. "आई, बघ, ही ओली आहे. पांगारा आहे गं, लागेल. आपण लावू. विहाराच्या मागे लावू, नाहीतर इथेच जरा आत, मी परवानगी काढते. पावसाळ्यात पालवी फुटेल, बाबांनी लावला तेव्हा फुटली तशीच." ती बोलतच होती, थांबलं की काय होईल ह्या भीतीने.

आईने तिच्या हातातली फांदी घेतली आणि परत ढिगावर ठेवली.

"झाड लागंल गं पोरी. कुटंबी लागंल. त्याच्या खाली त्यो कुटं आसंल?"

दूध तिने चरीत ओतलं नाही. किटली तशीच भरलेली घेऊन दोघी घरी आल्या. घरी आल्यावर तिने साडी बदलली, दूध तापवलं आणि त्याचा चहा केला. एक कप माधुरीपुढे ठेवला. आजवर त्या किटलीतलं दूध घरात कुणी तोंडाला लावलं नव्हतं. माधुरीनं कप उचलला, आणि आई समोर बसून तो संपेपर्यंत बघत राहिली.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मिथुन येऊन रडला, म्हणाला, माझंच चुकलं, मी न विचारता बाईक थांबवायला हवी होती. साहेबांनी समजूत घातली की शंभरात आठ चुकणारच, जगात कुठेही चुकतात, तू नियमाबाहेर काय केलंस? बरोबरच होतं त्यांचं. ह्या आठांतला एक तिचा दादा होता, एवढंच. माधुरीनं खाडीच्या कामाचं बक्षीस घ्यायला जायचं नाकारलं. आई म्हणाली, जा. मग ती गेली आणि आली.

पुढचं चित्र आलं तेव्हा संध्याकाळ होती. माधुरी बराच वेळ ते उघडायचं टाळत होती, शेवटी उघडलं. स्वयंपाकघरात भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो थांबला. सवयीने हाक निघाली, "हाय ना गं..." आणि तिथेच तुटली.

थोड्या वेळाने आई बाहेर आली, हात पिठाचे तसेच. शेजारी खुर्ची ओढून बसली. "दाव."

माधुरीनं ती जागा आणली. चार ठिपके. राखाडी.

"आता त्याच्या आधीचं दाव. तोडायच्या आधीचं."

तिनं डिसेंबरचं चित्र शेजारी लावलं. चार ठिपके. राखाडी. दोन्ही इतकी सारखी की कुठलं आधीचं आणि कुठलं नंतरचं हे तारीख वाचल्याशिवाय तिलाही सांगता आलं नसतं. बाजूच्या तक्त्यात कॉम्प्युटरने त्या जागेपुढे आपण होऊन लिहिलं होतं: बदल नाही.

"काय लिवलंय त्ये?"

माधुरीनं वाचून दाखवलं.

आई दोन्ही चित्रांकडे आळीपाळीने बघत राहिली. मग म्हणाली, "त्याचं बराबर हाय. त्याला त्यो तवाबी दिसत नव्हता, आताबी दिसत न्हाई. यंत्र हाय ते, त्याला काय बोलायचं." आणि मग, किती दिवसांनी, तिने लेकीच्या तोंडाकडे बघितलं. "तुला तर दिसत व्हता न्हवं गं?"

"दिसत होता," माधुरी म्हणाली.

आईने मान हलवली, उठली आणि भाकरी करपेल म्हणून आत गेली.